सुरू होते म्हणून तक्रार

“परत वाच,” मिस्त्री म्हणाले.

सुनेने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. “‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. स्कूटर सुरू होत नाही असं लिहिलं होतं. ती सुरू होते.’ एवढंच आहे, बाबा.”

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, नाही नाही ती गिऱ्हाइकं पाहिली. गाडी बंद पडली म्हणून दारात येऊन तमाशा करणारी पाहिली, स्वतः धडकवून आणून खापर मिस्त्रीवर फोडणारी पाहिली. पण गाडी चालते म्हणून बोंब ठोकणारं गिऱ्हाईक जन्मात पहिल्यांदाच भेटत होतं.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर गॅरेज बंद झालं होतं. आता जुन्या गाड्या नि सुटे भाग मोबाइलच्या ॲपवरून विकायचे, एवढाच उद्योग उरला होता. लिहिणं सुनेचं, बोलणं मिस्त्रींचं. त्यांच्या नावापुढे ‘विश्वासू विक्रेता’ असा हिरवा शिक्का होता आणि एक जरी तक्रार खरी ठरली तरी तो जाणार होता. मिस्त्री तो शिक्का भेटेल त्याला दाखवत सुटायचे. दूधवाल्याला तर दोनदा दाखवून झाला होता.

“मी म्हटलं होतं, जाहिरात बदलू या,” सून म्हणाली.

“कशाला? चालते, ही काय लोकांना आधी कळवायची गोष्ट आहे? उलट खूश व्हायला हवं माणसाने!”

ती स्कूटर तीन वर्षं मागच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती. जाहिरातीत त्यांनी स्वच्छ लिहायला लावलं होतं, इंजिन बंद, सुरू होत नाही. विकत घेणारी बाई ‘शाळा सुटल्यावर फोन करते’ असं लिहायची, म्हणून मिस्त्रींनी तिचं नाव मास्तरीणबाई ठेवलं. मास्तरीणबाईंनी घासाघीस केली नाही. त्या नुसत्या विचारत राहिल्या. रंग फिकट निळाच आहे ना? आरसे जागेवर आहेत ना? आणि नक्की सुरू होत नाही ना? हल्ली हॉटेलवाले जुन्या गाड्या दारात मांडून ठेवतात, तसलंच काहीतरी असणार, असं मिस्त्रींनी ताडलं.

शोभेसाठी! नुसत्या विचारानेच त्यांचे हात शिवशिवू लागले. टेम्पो यायच्या आदल्या दिवशी त्यांनी कार्ब्युरेटर उघडून साफ केला, प्लग बदलला, क्लचची वायर नवी घातली. त्या मॉडेलला चावीबिवीची भानगड नव्हती, किक मारली की झालं. जेवणवेळेपर्यंत गाडी अशी सुरेख धडधडायला लागली की मिस्त्री स्वतःशीच हसले. एक पैसा जास्त मागितला नाही. बाईंना आयता आनंद मिळू दे, म्हणून कळवलंही नाही. त्याचं हे फळ!

“पुढे आणखी आहे,” सून चाचरत म्हणाली. “‘कृपया आजच घेऊन जा. पैसे परत नकोत. ते जमत नसेल तर आधी होती तशी करून द्या.’”

मिस्त्री खुर्चीतून उठलेच. “होती तशी? म्हणजे मी केलेलं काम मीच मोडून देऊ? डोकं ठिकाणावर आहे का तिचं?”

“त्यांचे दोन फोनही येऊन गेलेत. तुम्ही कट केलेत. एकदा बोलून तर बघा बाबा, काही अडचण असेल.”

“अडचण कसली आलीये? पैसे नकोत म्हणणारं माणूस कधी सरळ असतं का? शिक्का घालवायला बसलीये माझा. घे लिहून.”

मिस्त्री येरझारा घालत सांगू लागले. “‘मी आयुष्यभर गाड्या जोडल्या, मोडल्या नाहीत. चालणारी गाडी मिळाली म्हणून गळा काढणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही. स्कूटर परत घेतली जाणार नाही आणि तिला कोणी हातही लावणार नाही.’”

सुनेने ‘गळा काढणारं’ऐवजी ‘तक्रार करणारं’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ॲपवाल्यांचा निकाल आला. वस्तू सांगितल्यापेक्षा चांगली निघणं हा दोष धरता येत नाही, तक्रार फेटाळली. शिक्का शाबूत राहिला. सुनेने सुटकेचा निःश्वास सोडला, पण मिस्त्रींचं समाधान होईना. चांगुलपणा करून वर चोर ठरायचं? त्या बाईने तोंडावर माफी मागितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरणार नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेम्पोच्या पावतीवरचा पत्ता घेतला आणि गुडघ्यांना शिव्या घालत निघाले. वाटेत काय काय सुनवायचं ते त्यांनी पाठ करून टाकलं.

घर बैठं होतं. दार सताड उघडं. मास्तरीणबाई फाटकातच उभ्या होत्या, कानाला फोन, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मिस्त्रींना पाहताच त्या धावत पुढे आल्या.

“सापडले?”

“कोण सापडले? मी स्कूटरवाला मिस्त्री,” त्यांनी एका दमात सुरुवात केली. “बाई, तुम्ही स्वतःला समजता कोण? चाळीस वर्षं माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं नाही, आणि तुम्ही...”

बाईंनी फोन खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रागवायला त्यांना सवडच नव्हती.

“वडिलांना माझं नाव आठवत नाही, हे घर आठवत नाही. त्यांची निळी स्कूटर तेवढी आठवते, म्हणून नुसतं वर बसायला आणली होती,” त्या म्हणाल्या. “आज पहाटे ती घेऊन गेलेत. मिस्त्री, टाकीत पेट्रोल किती घातलं होतंत?”