खालचं नाव

साहेब रोज सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर एक लेख टाकायचे. नेटवरून उचलायचा, मथळा तेवढा वाचायचा, शेवटच्या ओळीतलं लेखकाचं नाव उडवायचं आणि तिथे स्वतःचं ठोकायचं. मालकही त्याच ग्रुपवर होते.

आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा हटकलं, "साहेब, खाली लेखिकेचं नाव होतं की!"

"अहो बाई, नावाला कोण विचारतो?"

बाई पुन्हा रजिस्टरमध्ये नोंदी करू लागल्या. पहाटे उठून, टोपणनावाने ब्लॉगवर लिहिलेला त्यांचाच तो अकरावा लेख होता. रविवारी त्यांनी बारावा लिहिला. मथळा दिला, 'मन हलकं कसं करावं?' ब्लॉगवर साहेबांचा डोळा होताच. सोमवारी लेख ग्रुपवर आला, खाली साहेबांचं नाव.

दुपारी मालकांच्या केबिनमधून त्याच लेखाची छापील प्रत बाईंच्या टेबलावर आली. शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ होती: 'म्हणून मन हलकं करायला आजपासून मी या नोकरीचा राजीनामा देत आहे.' बाजूला मालकांचा शेरा: 'आनंदाने मंजूर.'

साहेब घामाघूम होऊन धावत आले. "बाई, मी लेख दुसऱ्यांचे टाकतो, तुम्हाला ठाऊक आहे ना! सांगा हो मालकांना, तो माझा नाही!"

बाईंनी प्रत सरळ केली, तारीख बघितली आणि आवकचा शिक्का दणकून मारला.

 

"नावाला कोण विचारतो, साहेब?"