नगाऱ्याचे हुकूम

“दोन मार, थोडो दम, परत दोन,” लवूकाका सांगत होते आणि गुरुप्रसाद टाइप करत होता.

देवळाच्या पडवीत यांत्रिक नगारा लोखंडी हात वर करून उभा होता. त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला फक्त आकड्यांची रांग कळायची. त्या रांगेला बाइटकोड म्हणतात. आकडे हाताने जुळवताना एक चुकला की नगारा मुका. म्हणून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्या गुरुप्रसादने एक साधन लिहिलं होतं. ओळीला एक सोपा हुकूम द्यायचा: मार, थांब, परत जा. त्याचा बाइटकोड साधन काढायचं.

लवूकाकांचे दोन्ही खांदे धरले होते. हात छातीच्या वर जात नव्हते. म्हणून जत्रेला त्यांचा मुलगा दीपेश पनवेलहून यायचा आणि नगारा वाजवायचा. घराण्याचा मान, टाळता येत नव्हता. एरवी तो गावाकडे फिरकत नसे. देवळाच्या कमिटीने यंत्र आणल्याचं कळताच त्याचा फोन आला. “बरां झालां बाबा. माजी रजा वाचली.”

फोन ठेवून काका स्वतःहून ठेका सांगायला आले होते.

गुरुप्रसादने कळ दाबली. लोखंडी हात खाली आले. तोच ठेका, तोच रेटा, शेवटची लांबवलेली थापसुद्धा.

“हात आमचोच आसा,” काका म्हणाले.

कमिटीचे अध्यक्ष दत्तप्रसाद खूश झाले. “लवू, आता तुम्ही बापलेक सुटलात,” म्हणाले आणि मंडपवाल्याला गाठायला गेले.

काका बसूनच राहिले.

“गुरू, तुज्या हुकमांत ‘वाट बघ’ आसा रे?”

“नाय. कित्याक?”

“घाल. सगळ्यांच्या वर.”

गुरुप्रसादने साधनाला नवा हुकूम शिकवला. बाइटकोड निघाला. “कोणाची वाट बघूची, काकानू?”

“बटण दाबणाऱ्याची. जत्रेत नगाऱ्याक पयलो हात आमच्या घराचो. कमिटी त्या मानाक नाय म्हणाची नाय.”

“मगे तुमीच दाबा. बटण दाबूक काय जोर लागता?”

काकांनी हात उचलून पाहिला. तो छातीशी अडला. मग त्यांनी मान वर करून पडवीच्या खांबाचा अंदाज घेतला.

“बटण थंय वर लाव,” ते म्हणाले. “माजो हात पोचाक नको.”