आवक तेवीस

"बाई, साहेबांनी लगेच बोलावलंय," शिपाई म्हणाला आणि मी आधी माझी वही पुढं ओढली.

वीस वर्षं मी या कचेरीत येणाऱ्या पत्रांवर आवक क्रमांक टाकतेय. क्रमांकाशिवाय कागदाची दखल नाही, आणि विषय मिटला की शेरा 'दप्तरी दाखल'. मग माझ्या काळज्यांचेच एवढे लाड कशाला? महिनाभर त्यांनाही वहीत क्रमांक देतेय. त्यांची सुनावणी पाच वाजता, आधी नाही.

वही उघडून लिहिलं : 'आवक तेवीस. नक्की काहीतरी चुकलंय.' मग वही मिटून साहेबांसमोर उभी राहिले.

चुकलंच होतं. शाळेला जायचं पत्र मी दवाखान्याच्या पाकिटात घातलं होतं.

"आता काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"शाळेला फोन करते. नवी प्रत आजच्याच टपालात जाईल." आवाज थरथरला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

पाच वाजता तेवीससमोर लिहिलं : 'खरी निघाली. दहा मिनिटांत निस्तरली.'

मग खणातला माझा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज काढला. काळजीपायी नोकरी नकोशी झाली होती, तेव्हा लिहिलेला. त्यावर क्रमांक टाकला, चोवीस, आणि लाल शाईनं शेरा मारला : 'दप्तरी दाखल.'