उंटाच्या येरझारा

"हा डाव संपला, की माळा आवरायचा," असं बायकोनं बजावल्यापासून मास्तर आणि शेजारचा शिंपी फारच विचारपूर्वक खेळत होते. आता पटावर दोघांचे राजे आणि मास्तरांचा एक उंट, एवढंच उरलं होतं. एवढ्यावर मात होणं शक्य नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तरी तासभर उंटाच्या येरझारा चालूच होत्या आणि दोघांच्या कपाळावर आठ्या होत्या.

बायको शिडी घेऊन आली. "कोण जिंकतंय?"

"मीच! थोडक्यात राहिलंय," मास्तर म्हणाले.

तिनं पटाकडे एकदाच पाहिलं.

"एकट्या उंटानं मात होत नाही, हे लग्नाआधी तुम्हाला मीच शिकवलं होतं. चढा! आणि भावजी, चपला कसल्या शोधताय? शिडी धरा."