अभ्यास दौरा

बोईसरच्या नाक्यावर हात जोडलेल्या कमलेशभाऊंचा बॅनर आधी लागला, भाऊ विमानतळावर नंतर पोचले. 'बँकॉक अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' आणि खाली शुभेच्छुकांची डझनभर मुंडकी. परदेशी जाण्याइतकी पासपोर्टची मुदत उरलेली नाही, हे मात्र त्यातल्या एकाही मुंडक्याला दिसलं नव्हतं. भाऊंना तर नाहीच. काउंटरवरूनच परत पाठवलेले भाऊ तोंडाला रुमाल बांधून रिक्षाने पाम गावातल्या आपल्या घरी आले आणि मागच्या खोलीत शिरले.

"बॅनर उतरेपर्यंत मी बँकॉकला हाय. कुणाला घरात घ्यायचं नाय," त्यांनी बायकोला, शालूला, बजावलं.

पुढचे पाच दिवस शालू बंद दाराआड ताट पोचवत होती. मीठ कमी पडलं तर भाऊ खेकसायचे, पण कुजबुजत. सातपाटीहून मासळी घेऊन आलेल्या स्वतःच्या आईलाही तिला उंबऱ्यावरूनच परत धाडावं लागलं. न जाणो, भाऊ आत शिंकले तर!

आई वळली तोच बॅनरवरचं पहिलं मुंडकं, रूपेश, दारात हजर.

"वयनी, भाऊचा तिकडचा एकादा फोटो द्या ना. 'दौरा यशस्वी' असा नवा बॅनर लावायचा हाय."

शालूचा मोबाइल वाजला. मागच्या खोलीतून भाऊंचा मेसेज होता: 'सांग, तिकडे नेटवर्क नाय.'

 

तिने मागच्या खोलीचं दार सताड उघडलं. "हे बघ बँकॉक. काढ फोटो, पायजे तेवढे."