डब्यांचा निकाल

"डॉक्टरीणबाई, हळू बोला. आत सासूबाई हायेत," मुक्ताबाई कुजबुजली.

डॉ. सृष्टी गोंधळली. श्रीगोंद्याजवळच्या त्या गावात तिची पाहणी चालली होती. कुठल्या समाजात पोटातला जंतू जास्त, कुठल्या समाजात छातीतली जळजळ जास्त. महिन्यापूर्वी गावानं लाजत-लाजत शौचाच्या नमुन्याच्या डब्या भरून दिल्या होत्या. आज निकाल सांगायचा होता. मुक्ताबाईच्या ओट्याच्या पायरीवर बौद्धवस्तीतली सुमनबाईही आपला निकाल ऐकायला येऊन बसली होती.

"घाबरू नका, मावशी. चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या. फक्त एक कोडं आहे. हा जंतू बहुतेक एका घरात फिरतो, एका ताटात जेवणाऱ्यांत. तुमच्या मराठा आळीतले जंतू एका वाणाचे निघाले, बौद्धवस्तीतले दुसऱ्या. तुमचा मात्र हुबेहूब सुमनमावशींसारखा."

मुक्ताबाईनं चटकन आतल्या दाराकडं बघितलं.

या घरात सुमनबाईचा चहाचा कप अजून वेगळा होता. सासूबाईंचा, नव्वदीच्या चांगुणाबाईंचा, तसा दंडकच होता. आणि चाळीस वर्षं, खुरपणीला गेलं की, या दोघी उसाच्या आडोशाला एका ताटलीत जेवत होत्या. सुमनच्या हातची हुलग्याची शेंगोळी, मुक्ताची बाजरीची भाकरी. गावात शिरताना मात्र दहा पावलांचं अंतर. म्हातारीला कळलं तर सुमनला ही पायरीसुद्धा बंद होणार होती.

"कुणी कुणाला दिला म्हनायचा?" सुमनबाईनं विचारलं.

"ते नाही सांगता येत."

"हिनंच. पयला घास कायम हिचा. लई हावरट!"

"आन् ताटली कोन चाटायचं गं?"

दोघी फिस्सकन हसल्या. मुक्ताबाईनं झटकन तोंडावर पदर धरला, पण उशीर झाला होता. दारात काठी वाजली.

"किती वर्सं चाललंय हे?" चांगुणाबाईंनी विचारलं.

मुक्ताबाईनं मान खाली घातली. मग तिनं सुमनबाईचा हात धरून तिला पायरीवरून वर, आपल्या शेजारी ओढलं.

"चाळीस, आत्याबाई. आन् उद्या बी जेवनार."

म्हातारी काठी टेकत पुढं आली. सुमनबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून ओट्यावर बसली.

"पोरी, माझा कागद काढ."

सृष्टीनं कागद शोधला. वाचून तिचे डोळे विस्फारले. "आजी, तुमचाही तोच वाण! पण तुम्ही कशा..."

"कशा म्हंजी? ह्या सुमनची सासू आन् मी त्याच उसात एका ताटात जेवायचो. ही मुक्ती सून होऊन आली, आन् हिनं बघू न्हाई म्हनून आमाला म्हातारपनी वढ्यापल्याड जाऊन जेवावं लागलं!"