काठोकाठ तांब्या

पिसाळलेलं कुत्रं चावून सरजाबाईला दोन महिने झाले होते. पोटात चौदा सुया घेऊन ती ठणठणीत होती, तेवढ्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं. "भूल दिली की कुत्र्याचं इख मेंदूत चढतंय, मग माणूस पाण्याला भितंय," असं गावानं तिच्या नवऱ्याला, ग्यानोबाला सांगून ठेवलेलं. डॉक्टर म्हणाले, असं काही होत नसतं. तरी त्याच्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

लातूर नवा जिल्हा झाला होता, पण दुष्काळात दवाखान्याचे नळही कोरडेच. ग्यानोबानं पाण्याची घागर गावाकडूनच आणली होती. सरजाबाई शुद्धीवर आली आणि संध्याकाळी डॉक्टरांनी तिला पाणी पाजायला सांगितलं. त्यानं तांब्या पुढं केला. तांब्यात बघताच तिचे डोळे मोठे झाले अन् तिनं तो हातानं मागं सारला. ग्यानोबा डॉक्टरांना हाक मारायला दाराकडं वळला.

सरजाबाई कण्हत म्हणाली, "अवं, टँकर कवा येईल पत्ता न्हाई, अन् तांब्या काठोकाठ भरलाव? अर्धं ओता माघारी."

त्यानं अर्धं घागरीत ओतलं. उरलेलं ती संपवीपर्यंत तो तिच्या गळ्याकडं बघत राहिला. मग अख्खी घागरच उचलून म्हणाला, "पी, समदं पी."